टेक-ऑफच्या धावेत विमान डावीकडे का पळतं? (छोटी विमानं, उजवा पाय आणि इतर भानगडी)

विंडसॉक

शेजारच्या धाग्यावर एकाने लिहिलंय की छोट्या विमानात खरी परीक्षा लँडिंगची, टेक-ऑफ म्हणजे थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) पुढे ढकला आणि वेग येईपर्यंत बसून राहा. तिथे वाद घातला असता तर त्या धाग्याचं वाटोळं झालं असतं, म्हणून हा वेगळा काढला.

मी शिकाऊ वैमानिकांना शिकवतो. शेजारच्या सीटवर बसून माझं सगळ्यात जास्त लक्ष कुठे असतं विचाराल तर त्यांच्या पायांकडे, आणि तेही विमान जमिनीवर असताना.

सेसना १७२ हे शिकाऊंचं छोटं विमान घ्या. मध्यरेषेवर उभं केलं, ब्रेक सोडले, थ्रॉटल पूर्ण उघडला आणि पाय नुसतेच रडरच्या (शेपटीवरच्या, नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पट्टीच्या) पेडलवर ठेवून दिले, तर नाक डावीकडे सरकायला लागतं. नवखा माणूस लगेच हातातलं योक, म्हणजे स्टिअरिंगसारखं चाक, उजवीकडे फिरवतो. सायकलीपासून कारपर्यंत जे काही चालवलं ते हातांनीच वळवलेलं, त्यामुळे हात आधी धावतात. पण योक फिरवल्यावर हलतात ती पंखांवरची एलेरॉन, म्हणजे विमान एका बाजूला कलवणाऱ्या पट्ट्या. वीस नॉटला (ताशी साधारण ३७ किमी) त्यांच्यात जीव नसतो. जो काही परिणाम होतो तोही उलटा, कारण डावं एलेरॉन खाली जाऊन डाव्या पंखाला अडथळा वाढतो. नाक आणखी डावीकडे. आता रनवेची कड दिसायला लागते, माणूस दचकतो आणि उजवा पाय एकदम तळापर्यंत जातो. विमान उजवीकडे उसळतं. मग डावा पाय. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा, आणि मधल्या वेळात वेग वाढतोच आहे.

ही डावी ओढ येते कुठून? प्रॉपेलर वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याने मागे फेकलेली हवा सरळ येत नाही, धडाभोवती पीळ घालत येते आणि उभ्या शेपटीवर डावीकडून आदळते. शेपूट उजवीकडे, नाक डावीकडे. धावेच्या सुरुवातीचं मुख्य दुखणं हेच, कारण शक्ती पूर्ण आणि वेग शून्याजवळ. शिवाय इंजिन प्रॉपेलरला उजवीकडे पिळतं, त्याची प्रतिक्रिया म्हणून विमान डावीकडे कलू पाहतं. जमिनीवर असताना कलायला जागा नाही, म्हणून डाव्या चाकावर भार वाढतो आणि ते जास्त घासतं. मग पी-फॅक्टर: नाक वर असताना प्रॉपेलरची उजवीकडची, खाली येणारी पाती हवेत जास्त कोनाने शिरते आणि उजवी बाजू जोरात ओढते. नाकाला चाक असलेल्या विमानात हा प्रकार रोटेट करेपर्यंत, म्हणजे नाक उचलेपर्यंत, जवळजवळ नसतो. पण ५५ नॉटच्या आसपास नाक उचललं की तो येतो, म्हणजे सगळं स्थिर झालं असं वाटतं त्याच क्षणी पुन्हा डावीकडे खेच. जायरोस्कोपचा एक चौथा परिणाम असतो, तो टेलड्रॅगर (शेपटीला चाक असलेलं विमान) उडवणाऱ्यांनी सांगावा.

ह्यात वारा अजून धरलेलाच नाही. वारा आडवा असेल तर विमान वातकुक्कुटासारखं नाक वाऱ्याकडे वळवतं. डावीकडून वारा आला की वारा आणि प्रॉपेलर दोन्ही एकाच बाजूला खेचतात.

माझं म्हणणं एवढंच आहे: विमान वळल्यावर पाय द्यायचा नसतो. थ्रॉटल उघडतानाच उजवा पाय त्याच्याबरोबर पुढे जायला हवा, आणि थ्रॉटलही सावकाश, तीन-चार सेकंद घेऊन. टाचा जमिनीवर, पेडलच्या खालच्या भागावर पाय. टाच उचलली की चवडा पेडलच्या वरच्या, ब्रेकच्या भागावर जातो आणि नकळत ब्रेक लागतो, तोही एकाच बाजूचा.

शंकासुर

वाचतोय. एक बाळबोध शंका. दर वेळी डावीकडेच जायचं ठरलेलं असेल तर कंपन्या शेपटीचा उभा पंखा आधीच जरा वाकडा का बसवत नाहीत? माणसाच्या पायावर का सोडायचं?

विंडसॉक

@शंकासुर, बसवतात की. काही विमानांत तो पंखा किंचित तिरका असतो, काहींत इंजिनच थोडं उजवीकडे रोखून बसवलेलं असतं. १७२ च्या रडरच्या कडेला पत्र्याची एक छोटी पट्टी असते, ती जमिनीवर हाताने वाकवून ठेवतात. पण ही सगळी तडजोड क्रूझसाठी, म्हणजे वर गेल्यावरच्या सरळ प्रवासासाठी असते, कारण विमान बहुतेक वेळ तिथे असतं. टेक-ऑफच्या शक्तीसाठी वाकडं केलं तर पुढचा सगळा प्रवास डावा पाय देत बसावं लागेल. कमी वेग आणि पूर्ण शक्ती एवढ्या पट्ट्यापुरता पायच लागतो.

टेक्सासकर

झकास धागा. मी डॅलसजवळ राहतो, शनिवार-रविवारी भाड्याने सिटाब्रिया उडवतो. टेलड्रॅगर, म्हणजे दोन मुख्य चाकं पुढे आणि एक चिमुकलं शेपटीखाली. जायरोस्कोपची जबाबदारी माझ्यावर आली आहे तर घ्या.

आधी मुळातला फरक. मॉलमधली ट्रॉली नेहमीसारखी ढकलली तर सरळ जाते. तीच उलटी फिरवून, न वळणारी चाकं पुढे ठेवून ढकला. जरा तिरकी झाली की मागचा भार तिला गरकन फिरवतो. टेलड्रॅगरचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे नाक थोडं वळलं की मागचं वजन ते वळण वाढवतंच नेतं. शेवटी विमान स्वतःभोवती फिरतं, बाहेरचा पंख जमिनीला टेकतो, चाकाचा पाय मोडतो. ग्राउंड लूप म्हणतात तो हा. सेसनाचं वजन मुख्य चाकांच्या पुढे, त्यामुळे ते स्वतःहून सरळ व्हायला बघतं.

आता जायरो. टेलड्रॅगर धावेत काही वेगाला शेपूट उचलतं. म्हणजे फिरत्या प्रॉपेलरच्या चकतीला वरच्या बाजूने पुढे ढकलल्यासारखं होतं. फिरत्या चकतीवरचा जोर नव्वद अंश पुढे जाऊन उमटतो, म्हणजे उजव्या बाजूला. परिणाम: शेपूट उचलताक्षणी नाक डावीकडे. हळू उचला, हळू वळेल. झटक्यात उचलली तर पायही तेवढाच झटक्यात हवा.

एका बाबतीत असहमत. "उजवा पाय, उजवा पाय" असं घोकून घ्यायला माझा विरोध आहे. नाक ज्या बाजूला जातंय त्याच्या विरुद्ध पाय, एवढंच शिकवा. उजवीकडून चांगला वारा असेल तर कधीकधी डावाच पाय लागतो.

यंत्रशाळा

वायुसेनेत इंजिनांवर काम केलेला निवृत्त माणूस आहे. टेक्सासकरांना अनुमोदन, आणि त्याला आणखी एक कारण आहे. प्रॉपेलर सगळीकडे उजवीकडेच फिरतो असं नाही. जुन्या टायगर मॉथ आणि चिपमंकमधलं जिप्सी मेजर इंजिन उलट फिरतं. याक-५२ मधलं रशियन इंजिनही उलट. ह्या विमानांत ओढ उजवीकडे आणि पाय डावा. "उजवा पाय" हाडीमाशी मुरवून कुणी याकमध्ये बसला तर पहिल्या शंभर मीटरमध्येच त्याला कळेल.

स्पिटफायरचं उदाहरण प्रसिद्ध आहे. सुरुवातीच्या मर्लिन इंजिनवाल्या स्पिटफायर डावीकडे ओढायच्या. पुढे ग्रिफन इंजिन आलं, जास्त ताकदीचं आणि उलट फिरणारं. तेच कॉकपिट, तेच नाव, पण थ्रॉटल उघडला की विमान उजवीकडे. मर्लिनवर हात बसलेल्या वैमानिकांची त्रेधा उडाली नसती तरच नवल.

आपल्याकडे फ्लाइंग क्लबांत पूर्वी एचएएलचं पुष्पक असायचं. १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं, ९० अश्वशक्तीचं काँटिनेंटल इंजिन, शेजारी-शेजारी दोन सीट आणि शेपटीला चाक. त्यावर शिकलेल्यांचे पाय वेगळे ओळखू यायचे. ताकद कमी म्हणून माफी होती, पण आडव्या वाऱ्यात पुष्पक कुणाचं ऐकत नसे.

सिमवाला

सिम्युलेटरवर आमची १७२ मख्खन सरळ जाते हो. पेडलसुद्धा नाहीत माझ्याकडे, फक्त जॉयस्टिक. तुम्ही लोक उगाच घाबरवताय.

विंडसॉक

@सिमवाला, सेटिंगमध्ये जाऊन ऑटो-रडर बंद करा आणि मग इथे या.

सिमवाला

केलं. थेट गवतात. 😐

पूर्वा_उडते

सर, मी गोंदियाला सीपीएलचं (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याचं) ट्रेनिंग घेते. आमच्याकडे डायमंड डीए-४० आहे. तुम्ही लिहिलेलं सेसनाला लागू पडतं, कारण तिथे रडर पेडल नाकाच्या चाकाला जोडलेलं असतं. डीए-४० चं नाकाचं चाक पूर्ण मोकळं, जिकडे ढकलाल तिकडे फिरणारं. टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना) वळायचं तर एका बाजूचा ब्रेक. टेक-ऑफच्या धावेतही पहिले काही सेकंद रडरला हवा मिळत नाही तोवर हलका ब्रेक द्यावा लागतो आणि मग तो सोडायचा. सुरुवातीला सगळ्यांचं तिथेच अडतं. एकतर ब्रेक सोडायला उशीर होतो, नाहीतर रडर चालायला लागलंय हे कळत नाही. पेडल पायाखाली हलकं होतं की जड, ह्यावर ते ओळखायला शिका असं आमचे इन्स्ट्रक्टर म्हणतात. वेग वाढला की पेडल घट्ट होतं, तीच खूण.

विंडसॉक

@पूर्वा, उत्तम लिहिलंस. सिरस विमानांवरही हीच गत, तिथेही नाकाचं चाक मोकळं. एक सांगतो: रनवेवर आल्यावर लगेच थ्रॉटल उघडू नकोस. मध्यरेषेवर दोन-चार मीटर सरळ पुढे जाऊ दे, म्हणजे ते मोकळं चाक सरळ होईल. वाकडं राहिलेलं चाक आणि पूर्ण शक्ती ही जोडी वाईट.

आणि नजर. नाकाच्या अगदी पुढची पट्टी बघत राहिलं तर विमान वळल्याचं उशिरा कळतं. रनवेच्या पार शेवटाकडे बघितलं की अर्धा अंश हललं तरी जाणवतं. बहुतेकांचे पाय सुधारतात ते नजर सुधारल्यावर.

सईची_आई

मुलगी पुढच्या महिन्यात फ्लाइंग ट्रेनिंगला जातेय. हा धागा वाचून पोटात गोळा आला. ह्यात माणसं दगावतात का?

विंडसॉक

ताई, एका इंजिनाच्या शिकाऊ विमानात वेग कमी असतानाच हे घडतं. बहुतेक वेळा शेवट रनवेच्या बाजूच्या गवतात होतो, प्रॉपेलर वाकतो, चाकाचा पाय मोडतो, आत बसलेले चालत बाहेर येतात. खरा धोका थांबायला हवं होतं तिथे न थांबण्यात आहे. बाजूला जाणारं विमान कमी वेगात ओढून हवेत न्यायचा प्रयत्न केला तर ते जमिनीलगत स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल जाऊन कोसळतं, आणि मग प्रकरण गंभीर.

मुलीला एक गोष्ट मात्र नक्की सांगा. सीट. सेसनाची सीट रुळांवर सरकते आणि एका खिळीने अडकते. खिळी नीट बसली नसेल किंवा रूळ झिजले असतील, तर थ्रॉटल उघडल्यावर विमान पुढे धावतं आणि सीट मागे सरकते. पाय पेडलवरून सुटतात, माणूस आधारासाठी हातातलं योकच धरतो आणि ते मागे ओढलं जातं. म्हणजे दिशेवर ताबा नाही आणि नाक मात्र वर. हे इतकं घडलं की अमेरिकेच्या एफएएने (तिथली नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था) १९८७ साली सीटचे रूळ आणि खिळ्या नियमित तपासण्याचा सक्तीचा आदेश काढला, २०११ मध्ये तो सुधारून पुन्हा काढला. सीट लावल्यावर दोन्ही पाय रोवून पाठीने मागे रेटून बघायचं, खट्ट आवाज आला म्हणून समाधान मानायचं नाही. मुलगी उंचीने कमी असेल तर सीट पुढच्या भोकांत जाते. तिथे तर दोनदा बघायचं.

सईची_आई

लिहून घेतलं. धन्यवाद दादा.

इतिहासवेडा

ह्या विषयात अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्टचं नाव अजून कुणी घेतलं नाही ह्याचं आश्चर्य वाटलं. तिच्या शेवटच्या, पृथ्वीप्रदक्षिणेच्या मोहिमेची सुरुवातच अशा अपघाताने झाली होती.

मूळ बेत पश्चिमेकडे जायचा होता. १७ मार्च १९३७ ला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडहून निघून ती होनोलुलूला पोचली. २० मार्चला पहाटे ल्यूक फील्डवरून प्रशांत महासागरातल्या हाउलँड बेटाकडे निघायचं होतं. विमान लॉकहीड इलेक्ट्रा, दोन इंजिनं, शेपटीला चाक, पोटात प्रचंड इंधन. धावेत विमान उजवीकडे वळू लागलं. तिने डाव्या इंजिनाची शक्ती कमी केली. विमान डावीकडे फिरलं ते फिरतच गेलं, भार बाहेरच्या बाजूवर आला, चाकाचा पाय मोडला आणि विमान पोटावर घसरत गेलं. आग लागली नाही हे नशीब. टायर फुटलं असंही म्हणतात, पण तिचा तांत्रिक सल्लागार पॉल मँट्झ ह्याचा ठपका थ्रॉटल मागेपुढे करून दिशा राखण्याच्या सवयीवर होता.

विमान दुरुस्तीला बोटीने कॅलिफोर्नियात परत. मग ऋतू बदलला म्हणून दिशाही बदलली आणि ती पूर्वेकडे निघाली. त्यामुळेच जूनमध्ये ती कराची आणि कलकत्त्याला आली. पावसाने भिजलेल्या दमदमच्या मातीतून विमान कसंबसं उचललं, टोकाची झाडं जेमतेम चुकली. हाउलँड आता सुरुवातीच्या टप्प्याऐवजी शेवटच्या टप्प्यात आलं होतं. २ जुलैला त्याच बेटाकडे जाताना ती आणि तिचा दिशादर्शक फ्रेड नूनन बेपत्ता झाले. ल्यूक फील्डवरचे ते काही सेकंद सरळ गेले असते तर काय झालं असतं, ह्यावर लोक अजून भांडतात.

टेक्सासकर

मँट्झचा मुद्दा आजही शिकवतात. दोन इंजिनांच्या विमानात थ्रॉटल कमी-जास्त करून वळवता येतं, टॅक्सी करताना ठीक. पण जड विमान वेगात असताना इंजिन परिणाम दाखवायला वेळ घेतं, आणि तो दिसतो तोवर गरज संपलेली असते.

दोन इंजिनांवर आलोच आहोत तर: ३० जून २०१९, आमच्या इथलं ॲडिसन विमानतळ. किंग एअर ३५०. टेक-ऑफनंतर लगेच डाव्या इंजिनाचा जोर कमी झाला. अशा वेळी उजवा पाय हवा. तपासात निघालं की वैमानिकाने आधी डावा दिला, मग उजवा, पण तोवर विमान कलून गेलं होतं. हँगरवर आदळलं, दहाच्या दहा जण गेले. इंजिनाचा जोर का कमी झाला ह्याचं ठाम उत्तर मिळालं नाही.

यारातीरी

मेलबर्नहून लिहितेय. आमच्याकडचा २१ फेब्रुवारी २०१७ चा एसेंडनचा अपघातही ह्याच जातीचा. किंग एअर बी-२००, वैमानिक आणि चार अमेरिकन प्रवासी, किंग आयलंडला निघालेले. विमान जेमतेम शे-दीडशे फूट चढलं, डावीकडे वळत गेलं आणि शेजारच्या शॉपिंग सेंटरच्या छतावर पडलं. दुकानं उघडायच्या आधीची वेळ होती. विमानातले पाचही जण गेले. वैमानिकाने रेडिओवर सात वेळा 'मेडे' (संकटाची हाक) म्हटलं, कारण सांगायला वेळच मिळाला नाही.

सगळ्यांना आधी वाटलं इंजिन गेलं. एटीएसबीच्या (ऑस्ट्रेलियाची वाहतूक अपघात तपास संस्था) २०१८ च्या अहवालात मात्र इंजिनं चालू असल्याचं निघालं. रडर ट्रिमचं (पाय न देता रडर एका बाजूला धरून ठेवणारं) चाक पूर्ण डावीकडे फिरवलेल्या स्थितीत होतं आणि उड्डाणापूर्वी ते लक्षात आलं नाही. हजारो तासांचा अनुभव असलेला वैमानिक. धाव नेहमीपेक्षा लांबली होती, आणि धावतानाच विमान डावीकडे ओढत होतं. मला राहून राहून वाटतं की तिथेच थांबायला जागा होती.

शंकासुर

ट्रिम पूर्ण डावीकडे असलं तरी पायाने ते दाबून धरता येत नाही का?

विंडसॉक

@शंकासुर, जमिनीवर काही अंशी येतं, म्हणूनच धोका. जोर लावून माणूस विमान सरळ ठेवतो आणि 'आज जरा जास्तच ओढतंय' म्हणून पुढे जातो. वेग वाढला की ट्रिमचा जोरही वाढत जातो. माझ्या विद्यार्थ्यांना म्हणूनच सांगतो, नेहमीपेक्षा वेगळा पाय लागतोय असं जाणवलं की कारण शोधत बसू नका, थ्रॉटल बंद. कारण टॅक्सीवेवर येऊन शोधू.

थ्रॉटल बंद करण्यातही एक गोम आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. तुम्ही उजवा पाय भरपूर दाबून ठेवलाय आणि शक्ती एकदम काढली, तर डावीकडची ओढ तत्क्षणी नाहीशी होते पण पाय तसाच राहतो. विमान उजवीकडे सुटतं. थ्रॉटल मागे येतो तसा पायही सैल व्हायला हवा. आणि वेग जास्त असताना ब्रेकवर उभं राहायचं नाही. आधी सरळ, मग हळू.

पूर्वा_उडते

सर, आडव्या वाऱ्याचा हिशोब डोक्यातल्या डोक्यात कसा करायचा? टॉवरने वारा सांगितला की मी गडबडते.

विंडसॉक

वारा आणि रनवे ह्यांच्यात ३० अंशांचा कोन असेल तर वाऱ्याच्या निम्मा आडवा. ४५ ला साधारण सत्तर टक्के, ६० च्या पुढे जवळजवळ सगळाच धर. म्हणजे २० नॉटचा वारा ३० अंशांवरून असेल तर १० नॉट आडवा, ६० वरून असेल तर १७. झोत सांगितले असतील तर झोताचा आकडा घे, सरासरीचा नाही.

सुरुवातीला योक पूर्ण वाऱ्याच्या बाजूला, वेग वाढेल तसं कमी करत न्यायचं, आणि नाक नेहमीपेक्षा थोड्या जास्त वेगाला पण ठामपणे उचलायचं. अर्धवट उडून वाऱ्याने बाजूला सरकून पुन्हा चाकं टेकली तर चाकांवर तिरका मार बसतो. दुसऱ्या टोकाला, विमान जमिनीवर दाबून ठेवायच्या नादात योक पुढे रेटत राहू नकोस. मुख्य चाकं हलकी होतात, सगळा भार नाकाच्या चाकावर येतो आणि विमान त्याच्याभोवती फिरायला बघतं.

१७२ एसच्या पुस्तकात आडव्या वाऱ्यासाठी १५ नॉट लिहिलेत, तो चाचणीत करून दाखवलेला आकडा. शिकाऊंसाठी अकादमीचा आकडा त्याहून खाली असतो, एकटीने उडताना तोच पाळ.

टेक्सासकर

दोन इंजिनांचं व्हीएमसी (एकाच इंजिनावर ताबा राहतो तो किमान वेग), क्रिटिकल इंजिन आणि सेनेकाचे विरुद्ध फिरणारे प्रॉपेलर ह्यावर वेगळा धागा काढतो, इथे कोंबलं तर विंडसॉक ओरडतील.

विंडसॉक

काढा. लिंक इथे टाका.